बाबांनी पास केलेलं घर

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. माझी आई म्हणते, ही शांत दिसली तर आधी हिला ताप आलाय का ते बघावं. नेदरलँड्समध्ये येऊन आठ वर्षं झाली. इथली माणसं सगळं कसं थंडपणे बोलतात ते रोज बघते, पण माझ्यात काडीचा फरक पडलेला नाही. आणि त्या घराच्या बाबतीत जे झालं त्याचं मूळ माझ्या या तोंडातच आहे, त्यामुळे दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नाही.

फेल्डहोवनला आम्ही ज्या भाड्याच्या घरात राहत होतो, त्याचा मालक परदेशातून परत येणार होता. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आत आम्हाला घर सोडायचं होतं. नवरा इथल्या चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत, मी एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर, मुलगी नऊ वर्षांची, तिची शाळा दोन गल्ल्या पलीकडे. म्हटलं, आता विकतच घेऊ. म्हणायला काय जातंय! इथे घर आवडलं की आपली किंमत आणि अटी एका पत्रात लिहून एजंटला द्यायच्या. बाकीच्यांनी काय लिहिलंय ते कळत नाही. मग दोन दिवसांनी फोन येतो, माफ करा, दुसऱ्या कुणाला दिलं. असे पाच फोन आम्हाला आले होते. पाचव्या फोनला मी त्या एजंटला इतक्या गोड आवाजात 'थँक यू' म्हणाले की नवरा घाबरून स्वयंपाकघरात डोकावून गेला.

इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांचा सल्ला एकच होता. 'घराचं इन्स्पेक्शन करून घेऊ, मोठा दोष निघाला तर व्यवहार रद्द', अशी अट पत्रात घालता येते, पण घालू नका. घातलीत की तुमचं पत्र गठ्ठ्याच्या तळाशी. पहिल्या तीन घरांना आम्ही ती अट घातली होती. नंतर काढून टाकली.

त्यात मार्चमध्ये बाबा आले. बाबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून ते दरवर्षी नव्वद दिवसांचा व्हिसा घेऊन आमच्याकडे येतात. सरकारी बांधकाम खात्यातून डेप्युटी इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. आमच्या अख्ख्या गोतावळ्यात पुण्यात कुणाला फ्लॅट घ्यायचा असेल तर पद्धत ठरलेली आहे. टोकन द्यायच्या आधी बाबांना गाडीत घालून न्यायचं. बाबा रुपयाच्या नाण्याने भिंती ठोकतात, फरशीवर गोटी सोडतात, बाथरूममध्ये बाटलीभर पाणी ओतून ते कुठे पळतं ते बघतात, आणि मग "घ्या" किंवा "नको" म्हणतात. त्यावर अपील नाही. माझ्या आतेसासूबाईंनी एकदा बाबांच्या "नको"नंतरही फ्लॅट घेतला होता. आजही लग्नकार्यात तो विषय निघाला की त्या भाजीला मीठ बघायच्या निमित्ताने उठून जातात.

साहजिकच बाबा आल्यावर आम्हाला वाटलं, चला, काळजी मिटली. घरचाच इंजिनिअर आहे, बाहेरचा कशाला? ही चूक फक्त आमच्यासारखे लोकच करू शकतात.

बाबांनी पहिलं घर बघितलं. "नको. पन्हळीचं पाणी भिंतीत मुरतंय." दुसरं बघितलं. "नको. खिडकीवरचं लिंटेल बसलंय, ती चीर दिसली नाही का तुम्हाला?" मला चीरबीर काही दिसली नव्हती. मला दिसला होता मागचा अंगणाचा तुकडा आणि दुपारचं ऊन. एजंट दार लावून गेला आणि मी तिथेच, सायकलींच्या रस्त्याच्या कडेला, फुटले.

"बाबा, तुम्हाला घर पास करायचंय की नापास? तुमच्या नजरेने बघत बसलो ना, तर आम्हाला तंबू ठोकून राहावं लागेल! राहणार आम्ही आहोत. तुम्ही जूनमध्ये परत जाल."

बोलून गेले. नवरा सायकलचं कुलूप काढण्यात एकदम गुंग झाला. बाबा एवढंच म्हणाले, "बरं." आणि सायकलवर बसले. संध्याकाळी मी त्यांच्या आवडीचं पिठलं केलं. आमच्या घरात माफी अशीच मागतात. त्यांनी दोनदा मागून घेतलं. मला वाटलं, मिटलं.

तिसरं घर बघायला गेलो तेव्हा दार उघडल्या उघडल्या मला कळलं, हेच. सत्तरच्या दशकातलं, ओळीतलं मधलं घर. स्वयंपाकघराची खिडकी मागे उघडणारी. जिन्यालगत खालीच एक छोटी खोली, म्हणजे बाबांच्या गुडघ्यांना वर चढायचा त्रास नाही. वीस मिनिटांची वेळ दिली होती. मी त्यातली पंधरा मिनिटं ओट्यापाशी उभी होते. मनातल्या मनात मी डबे लावले, कुकर कुठे, पोळपाट कुठे, मुलगी अभ्यासाला कुठे बसेल. बाबांनी आपला कार्यक्रम केला. वरच्या बाथरूममध्ये त्यांनी बाटली ओतली तेव्हा घर दाखवायला आलेली एजंट मुलगी टॉवेल घेऊन धावत आली आणि मला हसू आवरेना. नंतर ते खाली बराच वेळ पुढच्या दारापाशी रेंगाळत होते.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय बाबा?"

"छान आहे," ते म्हणाले. "उजेड छान आहे."

त्याच दिवशी आम्ही पत्र दिलं, कुठलीही अट न घालता. आणि अहो आश्चर्यम्, घर आम्हाला मिळालं! मी ऑफिसमध्ये किंचाळले. बाबांनी मुलीला जवळ घेतलं, तिच्या हातावर साखर ठेवली. त्या दिवशी ते फार कमी बोलले, पण ते तसे कमीच बोलतात.

एका सोमवारी एजंटच्या ऑफिसात, बाबांसमोर, करारावर सह्या झाल्या. कराराची प्रत हातात देताना ती मुलगी म्हणाली, "उद्यापासून तीन दिवस तुमचे. गुरुवार संपेपर्यंत मन बदललं तर कारण न सांगता माघार घेता येते." मी म्हटलं, मन कशाला बदलेल?

दुपारी ऑफिसात पेढे वाटले. माझ्या समोर बसणारी एक डच बाई, जी पेढ्याला चीज समजून खाते आणि दरवेळी चकित होते, तिने विचारलं, "इन्स्पेक्शन कोण करतंय?"

"माझ्या सासऱ्यांनी केलं. ते इंजिनिअर आहेत."

"वा. खालूनही बघितलं?"

"खालून म्हणजे?"

तिने समजावून सांगितलं. इथल्या जुन्या घरांच्या तळमजल्याखाली एक पोकळी असते, माणूस सरपटत जाईल एवढी. पुढच्या दारात पायपुसण्याखाली तिचं झाकण असतं. त्या काळातल्या काही घरांचे खालचे काँक्रीटचे स्लॅब सडतात, आतल्या सळ्या गंजतात, आणि वरून काही म्हणजे काही कळत नाही. मी आ वासून ऐकत होते. आठ वर्षं मी या देशात घराच्या आत चालत होते आणि पायाखाली पोकळी आहे हे मला ठाऊक नव्हतं. पुण्यात आमच्या खाली दुसऱ्या मजल्यावरचे लोक होते.

घरी आल्यावर नवऱ्याला धुण्याच्या मशीनच्या खोलीत ओढलं आणि दार लावून सांगितलं. तो म्हणाला, "बँकेचा माणूस येणारच आहे ना बघायला?"

"तो किंमत बघतो. घराची तब्येत बघत नाही. खाली तर मुळीच उतरत नाही."

"पण बाबांनी बघितलंय. आता करारावर सही झाल्यावर दुसऱ्या कुणाला बोलवायचं म्हणजे त्यांना काय वाटेल? पस्तीस वर्षं ज्याने हेच केलं त्या माणसावर सुपरव्हायजर नेमायचा?"

"आणि खाली काही निघालं तर?"

"बाबांनी पास केलंय," तो म्हणाला, आणि मशीनमधले कपडे काढायला लागला. तो काही चुकीचं बोलत नव्हता. सासूबाई गेल्यापासून बाबांकडे स्वतःचं म्हणावं असं फार काही उरलेलं नव्हतं. एक पेन्शन, एक पुण्यातला रिकामा फ्लॅट, आणि हा शब्द. तो शब्द आपण खोटा पाडायचा? माझी छाती झाली नाही. पण झोपही लागली नाही.

मंगळवारी घरून काम होतं. दुपारी मुलगी शाळेतून आली, बाबा फिरायला गेले, तशी मी फोन लावायला बसले. एजंट मुलीने लगेच एकाचं नाव दिलं, "आम्ही नेहमी त्यांनाच बोलावतो, अर्ध्या तासात काम होतं." मी मनात म्हटलं, विकणाऱ्यांच्या नेहमीतला माणूस मला नको. एका मोठ्या कंपनीने जाडजूड रिपोर्टचं आश्वासन दिलं, पण वेळ दहा दिवसांनंतरची. आणखी दोघांनी फोनवरच हात वर केले. शेवटी शेजारच्या गावातली, एकटीच काम करणारी एक बाई भेटली. तिने माझं ऐकून घ्यायच्या आधी विचारलं, घर कुठल्या दशकातलं? खालची फरशी काँक्रीटची की लाकडी? मग म्हणाली, "मी खाली उतरते. जो उतरत नाही त्याला बोलावूच नका." दुसऱ्या दिवशी दुपारचं तिचं एक काम रद्द झालं होतं. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. एजंटने कुरकुर न करता किल्ली द्यायचं कबूल केलं. नवऱ्याला मेसेज केला, त्याचं उत्तर आलं, "बाबांना कळू देऊ नकोस."

बाबांना मी सांगितलं, उद्या दुपारी दाताच्या डॉक्टरकडे जायचंय. खोटं बोलताना मी फार खुलासे देते, ही माझी जुनी खोड. कुठला दात, किती दिवस दुखतोय, सगळं सांगितलं. त्यांनी लवंगेचं तेल काढून दिलं.

आणि बुधवारी सकाळी, नवरा कामावर गेल्यावर, पोह्यांच्या बशीवर आमच्या कन्यारत्नाने तोंड उघडलं. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र मोडकंतोडकं, इंग्रजी मिसळून. म्हणाली, "आजोबा, आई दाताच्या डॉक्टरकडे नाही जाते. एक लेडी नवीन घराच्या खाली जाऊन बघणार आहे. मी फोन ऐकला."

माझे कान लाल झाले. मी भांडणाची तयारी केली. होय बोलावलं, कारण माझी मुलगी त्या फरशीवर खेळणार आहे, आणि तुमचा मान मोठा की तिचा जीव, वगैरे. सगळं तोंडाशी आलं होतं.

बाबांनी चमचा खाली ठेवला. "किती वाजता?"

"दोन."

"मी येतो," ते म्हणाले आणि उरलेले पोहे संपवले.

मुलीला तिच्या मैत्रिणीकडे सोडून आम्ही दोघं गेलो. मला वाटत होतं, हे आता त्या बाईशी वाद घालणार. ती आली, उंच, पन्नाशीची, गुडघ्यांना जाड पट्टे बांधलेली. तिने पायपुसणं बाजूला केलं, खालची फळी उचलली, आणि काळा चौकोन उघडा पडला. ओलसर मातीचा वास वर आला. बाबा मला मराठीत म्हणाले, "ही बाई उतरणार?" ती उतरलीसुद्धा. मग बाबांनी जॅकेट काढून माझ्या हातात दिलं, आणि अडुसष्ट वर्षांचा तो माणूस त्या दारात पालथा झोपला, डोकं खाली घातलं आणि हातातल्या टॉर्चने तिला उजेड दाखवू लागला. खालून हातोडीचे आवाज यायला लागले. आधी टणक. मग पुढे पुढे पोकळ. बाबा मध्येच हाताने डावीकडे खूण करायचे आणि ती तिकडे सरकायची. दोघांत एका शब्दाची देवाणघेवाण नव्हती, पण काम चाललं होतं.

अर्ध्या तासाने ती वर आली. हातात काँक्रीटचा एक तुकडा होता, त्याला तांबडा गंज. बाबांनी तो घेतला आणि बोटांनी दाबला. त्याचा चुरा झाला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना आश्चर्य वाटलंच नाही.

ती बाई मला सांगत होती की जवळपास अर्ध्या भागात सळ्या उघड्या पडल्यात, आज घर कोसळणार नाही, पण सगळी खालची फरशी काढून नवी करावी लागेल, त्यात काही महिने तुम्हाला बाहेर राहावं लागेल. "घ्या किंवा घेऊ नका असं मी म्हणत नाही. आहे ते सांगते. संध्याकाळपर्यंत लिहून पाठवते." मी मान डोलवत होते. तिची गाडी वळणावरून गेली तशी मी बाबांकडे वळले.

"तुम्हाला माहीत होतं."

ते दारासमोरच्या बुटक्या भिंतीवर बसले. "पुढच्या दारालगत ते मीटरचं कपाट आहे ना, त्यात खाली पाइप जातात तिथे फट आहे. मोबाइलचा टॉर्च लावला होता. सळी दिसली."

"आणि तुम्ही मला उजेड छान आहे म्हणालात!"

"उजेड छानच आहे."

"बाबा!"

मग ते बोलले. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "तू ओट्यापाशी उभी होतीस. मी सांगायलाच आत येत होतो. तुझं तोंड बघितलं आणि पाय उचलेना. म्हटलं, दर वेळी आपणच हिच्या हातातलं काढून घेतो. तू म्हणालीस ते खरंच होतं, राहणार तुम्ही, मी नव्वद दिवसांचा पाहुणा. मनाची समजूत घातली, दुरुस्ती होते म्हणून. सह्यांच्या वेळी पुन्हा वाटलं, आता बोलावं. तर तू पेन हातात घेऊन हसत होतीस. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. नोकरीत कंत्राटदारांनी काय काय करून बघितलं, पण खोटा पास मी कधी लिहिला नाही. पहिल्यांदा लिहिला तो इथे, पोटच्या पोराच्या घराला. आज सकाळी तू बाई बोलावलीस कळलं, आणि सुटलो बघ."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि माझ्यात अशा वेळी रागच आधी बाहेर पडतो. "मी ओरडले म्हणून तुम्ही गप्प बसायचं? मला दोन शब्द सुनावता आले नसते?"

"लेक असती तर सुनावले असते. तिथल्या तिथे. सुनेला कसं बोलायचं? तुझ्या घरात राहून?"

मी हातातलं त्यांचं जॅकेट झटकलं आणि त्यांच्या खांद्यावर घातलं.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ बाईंच्या रिपोर्टमधले फोटो मोठे करून करून बघत होता. गुरुवारी सकाळी त्याने एजंटला विचारलं, मालक दुरुस्ती करून देतील का? उत्तर अर्ध्या तासात आलं. नाही, मागे दुसरे लोक उभे आहेत. नवऱ्याचा पाय अजून निघत नव्हता. तो म्हणाला, घेऊया तरी का, पुढचं पुढे बघू? या खेपेला बाबा मध्ये पडले. "नको," म्हणाले. मी लॅपटॉप पुढे ओढला आणि माघारीचं पत्र लिहिलं. बाबांनी एवढंच सांगितलं, बाईंचे फोटोही जोड, पुढच्या माणसाला कळायला पाहिजे. मी जोडले, पाठवलं, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. पाच घरं हातची गेली होती तेव्हा मी चिडले होते. हे घर गेलं तेव्हा मला कुणीतरी गेल्यासारखं झालं, कारण त्यात मी डबे लावले होते.

पुढच्या शनिवारी आणखी एक घर होतं. आम्ही तिघं सायकलवर गेलो. कोपऱ्यावरचं, मागे सफरचंदाचं झाड. मी स्वतःला बजावलं होतं, ओट्याकडे फिरकायचं नाही. फिरकले. वीस मिनिटं संपली, एजंट गेला, आणि रस्त्यावर येताच बाबा म्हणाले, "नको."

"का? आता काय?"

"मागची भिंत बाहेर झुकलीय."

"मला नाही दिसली! जरा झुकली असेल, कुठली भिंत सरळ असते? निदान त्या बाईंना बोलावून बघू, आधीच काय नको?"

"जरूर बोलाव. पण त्यांनी येऊन हेच सांगायचं, त्याआधी तू पुन्हा जीव लावून बसणार, आणि मग नळ सोडून रडणार! डोळे आहेत ना? बघ ती चीर, बोट जातंय आत! गाढव आहेस का तू?"

भर रस्त्यात, वरच्या पट्टीत, तिथल्या तिथे. समोरून जाणारी एक डच आजी सायकलवरून मान वळवून बघत गेली. नवरा जागच्या जागी थिजला. बाबा स्वतःही थिजले असतील, पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. सासूबाई बोलायच्या, नवरा बोलायचा, पण बाबांनी मला आजवर कधी 'अगं'च्या पुढे शब्द वापरला नव्हता. मी सायकलवर बसले. घरी पोहोचेपर्यंत माझे डोळे वाहत होते, पुढचा रस्ता धड दिसत नव्हता. नवरा शेजारून सायकल चालवत सारखा समजूत काढत होता की जाऊ दे गं, घरं काय, मिळतील.